चुलवाणावरचा कोनाडा

समजा, तुम्ही घरात एकटे आहात. ओळखीचा आवाज आल्याशिवाय कडी काढायची नाही, असं आई बजावून गेली आहे. दारावर थाप पडते. "कोण आहे?" "अरे मी, आत्या." आवाज ओळखीचा, तुम्ही कडी काढता. आता पुन्हा समजा, की आत्याला सर्दी झाली आहे आणि तिचा घसा बसला आहे. ती नाव तेच सांगते, तुम्हाला लाडाच्या नावानं हाक मारते, पण आवाज घोगरा. तुम्ही कडी काढत नाही. एवढ्यावर न थांबता खिडकीतून साऱ्या गल्लीला ओरडून सांगता, की दारात चोर उभा आहे.

तुम्ही असं करणार नाही, हे मला ठाऊक आहे. तुम्ही फटीतून बघाल, नाहीतर विचाराल, "आत्या, मागच्या दिवाळीत माझ्या हातून काय फुटलं होतं?" शंका आली की आणखी एक प्रश्न विचारावा, एवढी समज पाचवीतल्या मुलालाही असते. आजपासून वीसेक वर्षांनी, भोगावती नदीकाठच्या आसुर्डी गावात ज्या यंत्रानं घोळ घातला, त्याला ती नव्हती.

आसुर्डीची केतकी चौगुले तेव्हा बारा वर्षांची होती. रविवारी सकाळी तिनं वडिलांचा फोन हातात घेतला, तर वरच्या कोपऱ्यातल्या उभ्या रेघा गायब. त्यांच्या जागी एकच ओळ : नेटवर्कवर नोंदणी नाकारली.

"आण्णा, तुमच्या फोनला रेंज न्हाई."

"बघ की जरा. मला निघायचंय."

आण्णा गुळव्या होते. गुऱ्हाळात उसाचा रस मोठ्या काहिलीत उकळत ठेवतात. तो किती आटवायचा आणि पाक नेमका कोणत्या क्षणी उतरवायचा हे जो ठरवतो, तो गुळव्या. घटकाभर मागंपुढं झालं तर अख्खी काहील वाया जाते. पाकाची गोळी पाण्यात थंड करून आण्णा ती काहिलीच्या काठावर मारत आणि तिचा आवाज ऐकून सांगत, "उतरवा." पंचक्रोशीत त्यांच्या कानाला तोड नव्हती.

केतकी कामाला लागली. शाळा सुटल्यावर ती बंडूकाकाच्या मोबाईल दुरुस्तीच्या दुकानात जाऊन बसायची. बंडू सुतार म्हणजे आण्णांचा पहिलीपासूनचा मित्र. त्यानं तिला एक नियम घालून दिला होता : एका वेळी एकच गोष्ट बदलायची. दोन बदलल्या, तर दुखणं कशानं बरं झालं ते कधीच कळणार नाही.

तिनं फोन बंद करून चालू केला. काही फरक नाही. विमानात बसल्यावर दाबतात ते बटण दाबून पुन्हा सोडलं. नाही. सिमकार्ड काढलं, कोरड्या फडक्यानं पुसलं, परत घातलं. तरी नाही. मग तेच सिमकार्ड तिनं आईच्या फोनमध्ये घातलं. चारही रेघा उभ्या राहिल्या. म्हणजे सिमकार्ड निरोगी. आईचं सिमकार्ड आण्णांच्या फोनमध्ये घातलं. नोंदणी नाकारली. शेवटी ती दोन्ही फोन घेऊन पार टेकडीवरच्या टॉवरखाली जाऊन आली. आईचा फोन तिथं खणखणीत चालला, आण्णांचा मुकाच राहिला.

"टॉवर चांगला, कार्ड चांगलं," ती घरी येऊन म्हणाली. "दुखणं फोनातच हाय, आई."

"दुखणं आसंल तर औषध दे," आई म्हणाली. "आता दूध पी."

त्याच दिवशी दुपारी ग्रामपंचायतीच्या भिंतीवरच्या पडद्यावर एक नाव झळकलं. आनंदा बापू चौगुले, बनावट यंत्र बाळगल्याचा संशय, गुरुवारी तालुक्याला पडताळणी. खाली त्यांचा फोटोही होता, आधारकार्डावरचा, ज्यात कुणीही चोरासारखाच दिसतो. पारावर बसलेली माणसं आण्णांना बघून गप्प झाली. एकानं खाकरत विचारलं, "आनंदा, फोन कुणाकडनं घेतलावता रं?"

घरी येईपर्यंत आण्णांचा चेहरा काहिलीच्या बुडासारखा झाला होता.

"दिवाळीत ह्यो फोन कुणी उघडला?" त्यांनी विचारलं.

केतकीला ठाऊक होतं. दिवाळीत फोन उघडला होता बंडूकाकानं, बॅटरी बदलायला.

आण्णा तसेच वळले. ती मागोमाग धावली. दुकानात चार गिऱ्हाइकं उभी होती. आण्णांनी फोन काउंटरवर आपटला.

"काय काढलास ह्यातलं?"

"काय काढणार? बॅटरी बदलली. काय झालं?"

"पडद्यावर जाऊन बघ काय झालं. चांगला माल काढून घेतलास, मेलेल्या फोनातला घातलास. चाळीस वर्सं एका ताटात जेवलो बंड्या, आणि तू माझ्याच घरात हात मारलास."

बंडूकाकाच्या हातात चिमटा होता. तो त्यानं सावकाश खाली ठेवला. "आनंदा, गिऱ्हाइकं हाईत. आत ये, बसून बोलू."

"चोरासंगं बसत न्हाई मी."

आण्णा निघून गेले. गिऱ्हाइकांपैकी दोघं "परत येतो" म्हणून सटकली. केतकीला राग आला, इतका, की कान तापले. आधी आण्णांचा आला. मग वाटलं, बंडूकाकानं उलट शिवी का नाही घातली? मग त्याचाही आला. आणि सर्वांत जास्त राग आला तो त्या पडद्यावरच्या ओळीचा. ती लिहिणारं कोणी समोरच नव्हतं.

ती तिथंच उभी राहिली. "काका, खरं सांगा. बदललंय काय?"

"तूच बघ." बंडूकाकानं फोन उघडून तिच्यापुढं सारला आणि भिंग दिलं. "डाग देऊन जोडलेलं कुठं काय दिसतंय?"

तिनं बराच वेळ बघितलं. आतल्या सर्किटच्या पट्टीवरचे सगळे सांधे कारखान्यातून आले तसेच होते. नवी होती ती फक्त बॅटरी.

"मग टॉवर आसं का म्हणतोय?"

बंडूकाकानं चिमट्याचं टोक फोनच्या पोटातल्या एका चकचकीत ठिपक्यावर टेकवलं. तो ठिपका तांदळाच्या कणीएवढा होता. "ह्यात स्फटिक आसतो. गारगोटीचा भाऊबंद समज. वीज दिली की थरथरतो, सेकंदाला कोट्यवधी वेळा. ह्याच्या थरथरीवर फोन आपला सूर लावतो. कारखान्यात लाखो कापत्यात, एका मापाचे. तरी दोन सारखे निघत न्हाईत. कुठला केसभर चढा, कुठला केसभर उतरा."

हे नीट समजून घ्या, कारण सगळी गोष्ट याच कणीवर उभी आहे. प्रत्येक फोनला कारखान्यात एक मोठा क्रमांक देतात. पूर्वी टॉवर तो क्रमांक विचारायचा आणि फोनला आत घ्यायचा. मग चोर शहाणे झाले. चोरलेल्या फोनवर ते दुसऱ्याच फोनचा क्रमांक चढवू लागले. तेव्हा शास्त्रज्ञांनी युक्ती काढली. क्रमांक खोटा सांगता येतो, पण स्वतःचा सूर कसा बदलणार? त्या केसभर चढ-उतारावरून टॉवर प्रत्येक फोनचा आवाज ओळखायला शिकला. लोक त्याला आवाजपारख म्हणत. युक्ती फार सुंदर होती, आणि हजारो चोर तिनं पकडले, हेही खरं.

पण स्फटिकही म्हातारा होतो. वर्षागणिक त्याचा सूर किंचित सरकतो. हे शास्त्रज्ञांना माहीत होतं. फोन किती वर्षांनी किती सरकतो याचं कोष्टक त्यांनी करून ठेवलं होतं, आणि त्या मापात सरकलेल्या फोनला टॉवर बिनतक्रार घ्यायचा. कोष्टक कुठल्या फोनांवरून केलं? खिशातल्या, पर्समधल्या, पंख्याखालच्या टेबलावरच्या. बाकीचेही फोन जगात असतात, हे कुणाच्या डोक्यात आलं नाही.

"ह्याचा सूर पंधरा वर्सांच्या म्हाताऱ्यासारखा चढलाय," बंडूकाका आपल्या तपासणी यंत्राकडं बघत म्हणाला. "फोन हाय तीन वर्सांचा. कसा ते मला कळंना झालंय."

"आण्णांना सांगा की मग."

"तुझ्या आण्णाला?" तो कोरडं हसला. "चोराचं ऐकतोय व्हय तो."

सोमवारी केतकी आण्णांसाठी भाकरी घेऊन गुऱ्हाळात गेली. चरकातून रस गळत होता. चुलवाणात, म्हणजे काहिलीखालच्या त्या मोठ्या भट्टीत, चिपाडाचा जाळ भडकला होता. आण्णा कुणाशी बोलत नव्हते. पाकावरची मळी काढणारा शंकर मात्र तिच्याजवळ येऊन पुटपुटला, "पोरी, माझाबी फोन कालपासनं गेलाय बघ. आण्णांना बोलू नको, भडकतील."

"तुमचा फोन कुणी उघडलावता?"

"कुणी न्हाई. डब्यातनं काढला तसा हाय."

केतकीच्या हातातली भाकरी तशीच राहिली. "कुठं हाय तो?"

"कोनाड्यात. सगळ्यांचं तिथंच आसत्यात."

गुऱ्हाळात हात लावाल ते चिकट असतं. जमीन ओली, हवा रसाच्या वाफेनं दमट, माणसांचे हात काकवीनं बरबटलेले. कोरडी जागा एकच, चुलवाणाच्या धुराड्याला लागून भिंतीत असलेला कोनाडा. काहिलीपाशी फोन आणायचा नाही, काहिलीवरच्या सगळ्यांनी तो कोनाड्यात ठेवायचा, ही आण्णांची शिस्त. ती मोडायची कुणाची छाती नव्हती.

केतकीनं कोनाड्याच्या दगडाला हात लावला आणि झटकन मागं घेतला.

मग तिनं एकेकाला गाठून विचारलं. गुऱ्हाळात माणसं नऊ. चौघांचे फोन कोनाड्यात बसत होते. त्यातल्या आण्णांचा आणि शंकरचा गेला होता, तिसऱ्याचा मधूनमधून जायचा, चौथ्याचा अजून चालत होता, पण तो नवाकोरा घेतलेला होता. उरलेले पाच जण चरकावर आणि ट्रॉलीवर बाहेर असायचे, फोन खिशात. त्यांच्या फोनला काहीही झालं नव्हतं.

तिनं हे बंडूकाकाला सांगितलं, तेव्हा तो काउंटरमागं मटकन बसला.

"तापल्यानं म्हातारा झाला," तो म्हणाला. "रोज बारा-बारा तास. सगळं यंत्रच शिजलं की गं." मग म्हणाला, "कोरड्या जागी ठेव, ओल लागू देऊ नको, असं आनंदाला मीच सांगितलंवतं."

"खरं आसंल तर दाखवता येईल का?"

"उष्म्यानं सूर चढला. गार केला, तर घटकाभर उतरंल. म्हातारपण काय जाणार न्हाई त्यानं, पण आपल्या जुन्या आवाजाच्या जवळ येईल. कुणी चोरून दुसराच स्फटिक घातला आसता, तर नेमका तिथं कसा येईल?"

केतकीनं फोन दुकानातून घरी आणला, प्लास्टिकच्या पिशवीत बांधला आणि फ्रीजमध्ये बर्फाच्या खणात ठेवला. पंधरा मिनिटांनी केतकीनं दार उघडलं. कोपऱ्यात एक रेघ उभी होती. बघता बघता दुसरी उभी राहिली. फोन हातात ऊबदार होत गेला तशी आधी ती गेली, मग पहिली. सात मिनिटं. आई गॅसपाशी उभं राहून सगळं बघत होती.

"आण्णा येऊ देत," आई म्हणाली. "मी धरून बसवते त्यांना."

आण्णांनी तिघांचा, म्हणजे आई, केतकी आणि फ्रीज यांचा प्रयोग उभ्यानं बघितला. दोनदा बघितला. तिसऱ्या वेळी दार त्यांनी स्वतः उघडलं. मग आपल्या हातांकडं बघत म्हणाले, "कोनाडा माझा हुकूम." जेवले नाहीत. बंडूकडं जा, असं आई म्हणाली, तर म्हणाले, "कुठल्या तोंडानं?"

गुरुवारी तालुक्याच्या कचेरीत केतकी आण्णांबरोबर गेली, पाठीला शाळेचं दप्तर आणि हातात भाजी गरम ठेवायचा डबा घेऊन. डब्यात बर्फ होता आणि बर्फात फोन. बाहेर व्हरांड्यात वीस-पंचवीस माणसांची रांग. बाकावर एका टोकाला बंडूकाका बसला होता. त्यालाही बोलावणं आलं होतं. आण्णा दुसऱ्या टोकाला बसले. मधे तीन माणसांची जागा रिकामी.

बऱ्याच वेळानं आण्णा समोर बघत म्हणाले, "च्या घेतलास?"

"न्हाई."

"घे की मग."

"तू घेतलास का?"

"न्हाई."

चहा कुणीच घेतला नाही, पण आण्णा एका माणसाएवढे सरकले. तेवढ्यात त्यांचं नाव पुकारलं.

साहेब तरुण होते, सभ्य होते आणि सकाळपासून बोलून दमले होते. त्यांनी केतकीचं सगळं ऐकून घेतलं. डब्यातून फोन निघाला, दोन रेघा उभ्या राहिल्या. साहेबांच्या टेबलावरच्या यंत्रानंही सांगितलं, मूळ यंत्र, नोंदणी मान्य. साहेब पुढं झुकले. पाच मिनिटांनी रेघा गेल्या आणि यंत्र म्हणालं, बनावट.

"हुशार आहे मुलगी," साहेब म्हणाले. "पण मला अर्ज भरून घ्यावा लागतो, आणि अर्जात तीनच रकाने आहेत. मालकानं यंत्र बदललं. दुरुस्ती करणाऱ्यानं बदललं. विकणाऱ्यानं फसवलं. यातल्या एकावर खूण करायची. पावती कंपनीच्या दुकानाची आहे, म्हणजे विकणारा सुटला. दुसऱ्यावर खूण केलीत तर तुम्ही आजच मोकळे. पडद्यावरचं नाव संध्याकाळपर्यंत निघेल."

"आणि बंडू?"

"त्याचा परवाना जाईल. खटला चालेल."

"आणि पहिल्यावर केली तर?"

"फोन जप्त. तुमच्या नावावर दोन वर्षं नंबर मिळणार नाही. माझं ऐका, सगळे दुसऱ्यावरच करतात."

"पण तापल्यावर सूर चढतो, हे तुम्ही आत्ता डोळ्यांनी बघितलं की," केतकी म्हणाली.

"बघितलं बाळ. पण तो रकाना नाही."

खोलीत पंखा फिरत होता. आण्णांनी पेन उचललं. केतकीनं त्यांच्या हाताकडं बघितलं. पाकाची गोळी वळून वळून बोटांची टोकं जाड झालेली, पेन त्यात काडीसारखं दिसत होतं.

"सायेब," आण्णा म्हणाले, "मी गुळव्या हाय. रोज पाकाचा आवाज ऐकतो. एकाच रानातला ऊस, एकच काहील, पण आवाज रोज येगळा. ऊन जास्त, आवाज येगळा. तोडलेला ऊस शिळा झाला, आवाज येगळा. आवाज बदलला म्हणून मी उसाला चोर म्हनत न्हाई. बाहेर जाऊन बघतो, काय झालंय. माझ्या मित्राच्या बाबतीत तेवढंबी केलं न्हाई मी. तुमचं यंत्र आणि मी, सारखंच."

त्यांनी तिन्ही रकाने कोरे सोडले. कागदाच्या कडेला, मोकळ्या जागेत, मोठ्या अक्षरांत लिहिलं : फोन चुलवाणाच्या उष्म्यानं तापला. बंडू सुतार याचा दोष नाही. खाली सही केली.

"असं चालत नाही," साहेब म्हणाले. "कडेचं लिहिलेलं यंत्र वाचत नाही. रकाना कोरा राहिला की ते आपोआप पहिला धरतं."

"धरू द्या. तुम्ही वाचलं न्हवं?"

साहेबांनी फोन पाकिटात घालून लाखेची मोहर मारली. पावती मिळाली.

आण्णा बाहेर आले आणि बंडूकाकापुढं उभे राहिले. "तुझं नाव न्हाई घातलं."

"मग कुणाचं?"

"ज्याची शिस्त, त्याचं."

"येडा हायस तू," बंडूकाका म्हणाला. त्याचे डोळे भरले होते आणि तो चिडलाही होता. "दोन वर्सं बिनफोनचा राहणार? तुझा निरोप कुणी आणायचा, मी?"

"तूच. चाळीस वर्सं बघतोयस, माझा आवाज किती बदलला तरी वळखशील."

केतकी दोघांजवळ थांबली नाही. तिच्या कानात अजून तापल्यासारखं होत होतं. तो रकाना नाही. तो रकाना नाही. तिनं व्हरांड्यातल्या रांगेकडं बघितलं. मघाशी आत जाताना तिला नुसती रांग दिसली होती. आता माणसं दिसली. एकाच्या मनगटावर भाजल्याचे जुने डाग होते. एक बाई पदरानं घाम पुसत होती, तिच्या बोटांच्या नखांत मैदा बसला होता. एकाच्या पँटीला ठिणग्यांनी पाडलेली बारीक भोकं होती. सगळ्यांच्या हातात तोच कागद आणि मुके फोन. आत जाऊन प्रत्येक जण कुणाच्या तरी नावावर खूण करून येणार होता.

तिनं दप्तरातून गणिताची वही काढली. मागचं कोरं पान उघडून पट्टीनं तीन उभ्या रेघा ओढल्या. पहिल्या रकान्यावर लिहिलं नाव, दुसऱ्यावर काम, तिसऱ्यावर फोन उघडला होता का. चौथा तिनं बाकीच्यांपेक्षा रुंद ठेवला होता. मग ती रांगेच्या तोंडाशी उभ्या असलेल्या, मनगट भाजलेल्या माणसापाशी गेली.

"काका," तिनं विचारलं, "तुम्ही दिवसभर फोन कुठं ठेवता?"

"आमचं इस्त्रीचं दुकान हाय. टेबलावर, इस्त्रीच्या शेजारी. का गं?"

केतकीनं ते चौथ्या रकान्यात लिहून घेतलं, आणि ती पुढच्या माणसाकडं सरकली.